दिवाळीच्या रंगकामाची घाई नको: पाऊस गेल्यावर घरातली ओल कशी ओळखायची?

कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा बुरा. बंद खोलीचं दार उघडलं की कुबट वास. रत्नागिरीत सप्टेंबर संपता संपता हे घरोघरी दिसतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो. दसरा झाला की रंगाऱ्याला बोलवायचं, पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची आणि दिवाळीच्या आत भिंती चकाचक करायच्या.

पुढच्या जुलैत त्याच जागी तोच डाग पुन्हा येतो. मग दोष रंगाला दिला जातो किंवा रंगाऱ्याला. खरं तर ऑक्टोबर हा ओलीचं मूळ शोधायचा वर्षातला सगळ्यात चांगला महिना आहे. पाऊस थांबलेला असतो, भिंती वाळायला लागलेल्या असतात, आणि कोणती जागा वाळतेय, कोणती नाही, यावरून पाणी कुठून येतंय हे कळतं. नेमक्या त्याच वेळी आपण भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवतो, म्हणजे पुरावाच झाकून टाकतो.

त्यामुळे थंडी सुरू होण्याआधी घर कसं तपासायचं, ते नीट समजून घेऊ.

कोकणातली भिंत इतकी ओली का होते?

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याच्या साधारण चौपट. शिवाय हा पाऊस सरळ वरून पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो, त्याला आपण झड म्हणतो. घराची पश्चिम आणि दक्षिण बाजू चार महिने अक्षरशः मार खाते.

दुसरं कारण भिंतीच्या आत आहे. इथली बरीच घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची आहेत. जांभ्याला इंग्रजीत 'लॅटराइट' म्हणतात. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी केरळमधल्या अंगाडिपुरम इथे हा दगड पाहून त्याला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, म्हणून विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात. पाणी शोषायला त्याला वेळ लागत नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. उंच जोतं, चारी बाजूंनी पडवी, कौलांची लांब वळचण, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असा उतार, आणि पावसाआधी झडीच्या बाजूला बांधलेले झावळ्यांचे झाप. भिंत शक्यतो भिजूच द्यायची नाही, आणि भिजली तर वाळू द्यायची. उघड्या चिऱ्यातून किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकते.

आता आपण त्याच चिऱ्याला सिमेंटचा गिलावा करतो, वर प्लास्टिक पेंट लावतो, आणि सपाट स्लॅबच्या घराला वळचण ठेवत नाही. गिलाव्याला बारीक भेग गेली की पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला वाट उरत नाही. ते मिळेल तिथून रंगाला ढकलतं. रंगाचा फुगा म्हणजे हेच. माझं मत विचाराल तर कोकणात गेल्या काही दशकांत झालेल्या बांधकामातली सगळ्यात महाग चूक छज्जा आणि वळचण वगळण्याची आहे. आता प्रत्येक स्लॅबवर पत्र्याची शेड चढलेली दिसते, ती त्या चुकीची दुरुस्तीच म्हणायची.

पाणी चार वाटांनी येतं

खालून, बाजूने, वरून आणि घराच्या आतून. प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते.

जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीच्या पायथ्याशी पट्ट्यासारखी दिसते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत गडद, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरी पावडर. हा लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पुष्कळ जण लोण्याला बुरशी समजतात. बोटावर थोडी पावडर घ्या आणि पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर लोणा, नाही तर बुरशीची शंका घ्यायची.

खालून ओल येत असेल तर घराला बाहेरून एक फेरी मारा. अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा टाकताना जमीन जोत्याच्या वर तर आली नाही ना? भिंतीला टेकून मातीचा ढीग, फुलझाडांचा वाफा आहे का? रस्ता दरवर्षी थोडा थोडा उंच होत गेला आणि घर खड्ड्यात गेलं, असं झालंय का? या तिन्ही गोष्टींनी जोत्याचा उपयोग संपतो. वाफा हलवायला रंगकामाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही खर्च येत नाही.

बाजूने आलेली ओल खिडकीच्या कोपऱ्यात, छज्जाच्या सांध्यात आणि झडीच्या भिंतीवर ठिगळासारखी उमटते. वरून आलेल्या ओलीचे डाग छतावर, तपकिरी कडेचे असतात. तिथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. डाग गंजासारखा लालसर असेल, त्या रेषेत स्लॅबला भेग असेल किंवा सिमेंटच्या खपल्या पडत असतील, तर आतली सळई गंजतेय. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तिथे रंगारी कामाचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चौथी वाट सगळ्यात कमी लक्षात येते, कारण ते पाणी आपणच हवेत सोडतो. आंघोळीची वाफ, खोलीत दोरीवर वाळणारे कपडे, स्वयंपाक. गॅस जळतानाही पाणी तयार होतं, हे माहीत होतं का? एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून थोडी जास्त वाफ होते. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटरच्या आसपास पाणी गेलेलं असतं. एक्झॉस्ट फॅन बंद आणि खिडकी लावलेली असेल, तर ते पाणी घरातल्या सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन बसतं.

किती थंड? हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांची भिंतसुद्धा दव धरायला पुरेशी असते. सावलीतली, कपाटाने झाकलेली भिंत सहज तेवढी थंड असू शकते. म्हणून काळे ठिपके बरोबर कपाटामागे येतात. तिथे पाइप फुटलेला नसतो. तिथे फक्त वारा पोहोचत नाही.

पेन्सिल, मोबाइल आणि तीन आठवडे

महागड्या यंत्राआधी ही चाचणी करा. जिथे जिथे ओल दिसते, तिथे डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. दर आठवड्याला पुन्हा बघा.

पाऊस पूर्ण थांबल्यावर डाग रेघेच्या आत आकसत गेला, तर ते पावसाचं पाणी होतं: भेग, छज्जा, गच्ची, कौल यांपैकी काहीतरी. कोरड्या हवेतही डाग तसाच राहिला किंवा रेघेबाहेर गेला, तर पाणी अजून येतंय, म्हणजे नळाची लाइन, न्हाणीघर किंवा टाकी. सकाळी ठळक आणि दुपारी फिका होत असेल, तर हवेतली वाफ असण्याची शक्यता जास्त.

हवेतली की भिंतीतली, हे ठरत नसेल तर आणखी एक सोपा प्रयोग आहे. साधारण एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या हवेतून.

पाइपची शंका असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळपर्यंत पातळी खाली गेली, तर गळती आहे. न्हाणीघरासाठी जाळी कापड कोंबून बंद करायची, इंचभर पाणी साठवायचं आणि दिवसभर ठेवून खालच्या मजल्यावरचं छत बघायचं. त्यासाठी खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

पत्र्याची शेड असलेल्यांसाठी एक खास गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्र्यातून थेंब टपकतात आणि पत्रा फुटला म्हणून माणूस शिडी शोधतो. स्वच्छ आकाशाच्या रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि त्याच्या खालच्या बाजूला दव जमतं. तेच टपकतं. आंबा बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. मोहोराच्या दिवसांत दव, ढगाळ हवा आणि भुरी यांचा हिशोब ते रोज मांडतात. मोहोरावरची भुरी हीसुद्धा बुरशीच. बागेत तिच्यासाठी वेळेवर फवारणी होते, घरातल्या भिंतीवरची मात्र दोन-दोन वर्षं तशीच राहते.

बुरशीने खरंच आजार होतो का?

बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात. ते घरातून हाकलता येत नाहीत आणि कोरड्या भिंतीवर ते काही करतही नाहीत. त्यांना पाणी मिळालं की रंग, कागद, लाकूड, चामडं, नुसती धूळही खायला पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, अ‍ॅलर्जी आणि दमा यांचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. अमुक इतकी बुरशी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा संघटनेने दिलेली नाही. ओलच रोखा, एवढंच सांगितलं.

हे किती टोकाला जाऊ शकतं, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रॉचडेल गावातल्या भाड्याच्या घरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. कुटुंबाने तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घेणं बंधनकारक झालं. आपली घरं तिथल्यासारखी सहा महिने बंद नसतात, त्यामुळे प्रत्येक काळ्या ठिपक्याने घाबरून जायचं कारण नाही. पण घरात तान्हं बाळ, दम्याचा रुग्ण किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर ती झोपते ती खोली सगळ्यात आधी तपासा. शिंका, खोकला, छातीतली घरघर घरात असताना वाढते आणि दोन दिवस बाहेरगावी गेलं की कमी होते, असं दिसलं तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दलही सांगा.

पुसायची कशी?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा साधा नियम आहे: बुरशी साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेवर असेल, तर घरी साफ करता येते. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, मग जागा पूर्ण वाळवा. फडकं टाकून द्या.

ब्लीचचा मोह आवरा. गिलाव्यासारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर ब्लीच डागाचा रंग घालवतं, आतली मुळं राहू शकतात, आणि त्यातलं पाणी भिंतीतच मुरतं. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. कापूर आणि डांबरगोळ्या वास झाकतात, ओल कमी करत नाहीत.

स्विचबोर्डाजवळ ओल असेल तर पुसापुशी सोडा. मेन स्विच बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि दाराच्या चौकटीला मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवीचा माणूस, कारण ओलं लाकूड तिला आवडतं.

कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. खिडक्या पहाटे उघडू नका, दव ओसरून ऊन वर आलं की उघडा आणि समोरासमोरच्या उघडा. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा असं सांगितलं जातं. रत्नागिरीत जुलैमध्ये ते स्वप्नच आहे, पण डिसेंबरच्या दुपारी जमायला हवं. तेव्हाही एखाद्या खोलीत आकडा खाली येत नसेल, तर तिथे पाण्याचा काहीतरी स्रोत आहे.

मग रंग कधी लावायचा?

भिजलेली भिंत वाळायला किती वेळ लागतो, याचा बांधकामातला एक ठोकताळा आहे: जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना. नऊ इंचांची भिंत पूर्ण भिजली असेल, तर दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत ती वाळणार नाही हे उघड आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये जी घरं पाण्याखाली गेली, तशा भिंतींना तर हा हिशोब जास्तच लागू पडतो. वरून कोरडी लागली तरी आत ओल असते.

म्हणून दिवाळीला ओल्या भिंती सोडा. कोरड्या भिंतींना हवा तर हात मारा. ओल्या भिंतीचे पोपडे, सुटलेली पुट्टी काढून तिला उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील. सांगा वाळत घातलीय म्हणून. दरम्यान नोव्हेंबरपासून बाहेरची दुरुस्ती करा: भेगा, छज्जा, गच्चीचा उतार, पावसाळी पाइप, कौलं. फेब्रुवारीनंतर रंगाऱ्याला बोलवा आणि ओल मोजायचं मीटर लावूनच काम सुरू करायला सांगा.  त्या दिवसांत त्यांना दिवाळीसारखी घाईही नसते.

चाकरमान्यांच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. गणपती झाले की दार लावून मुंबईला, ते थेट शिमग्याला उघडणार. घर बंद होतं तेव्हा पाऊस चालू असतो, आतली दमट हवा आतच कोंडली जाते. गाद्या भिंतीला न टेकवता पलंगावर उभ्या ठेवा, कपाटाची दारं किलकिली ठेवा, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात एक दिवस कुणा शेजाऱ्याला घर उघडायला सांगा. त्या एका दिवसाने बराच फरक पडतो.

खर्च कुणाचा?

स्वतंत्र घर असेल तर तुमचाच. फ्लॅट असेल तर थांबा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. गच्चीतून पाणी येऊन वरच्या मजल्याचं छत आणि गिलावा खराब झाला, तर तो खर्चही सोसायटीचा. संडास, सिंक यांची फ्लॅटमधली गळती ज्याच्या फ्लॅटमधून आहे, त्या सदस्याची.

इमारत नवी असेल तर रेरा कायदा, २०१६ चं कलम १४(३) वाचून ठेवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. नाही केला तर भरपाई मागता येते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि सोबत पेन्सिलीच्या रेघांचे ते तारखेसह काढलेले फोटो जोडा. भिंतीवर नवा रंग चढल्यावर ते काढता येणार नाहीत.